सरांकडे ठेवलेली वही

मी जर्मनीला शिकायला निघाले, तेव्हा सोलापूर स्टेशनावर मला पोचवायला वळसंगहून आई-अप्पा आले होते, आणि कॉलेजातले आमचे सरही. गाडी सुटायच्या आधी मी सरांच्या पाया पडले. "वही ठेवून जा की, मागच्या पोरांना उपयोग होईल," ते म्हणाले. आमच्याकडे सरांना नाही म्हणायची पद्धत नाही. दोन वर्षांची आकडेमोड मी मुकाट्याने त्यांच्या हातात दिली.

त्या वहीत एक कण जाळीवर पावलं टाकत होता. दर पावलाला नाणं उडवायचं. पण हा क्वांटम कण, तो एकाच वेळी डावीकडेही जातो आणि उजवीकडेही. नाण्याचा कल जागेनुसार बदलत नेला, की कण कृष्णविवराजवळ गेल्यासारखा मंदावतो. वाकलेला अवकाशकाळ वहीच्या पानावर उभा करता येतो, याचा मला केवढा आनंद झाला होता.

जर्मनीत वर्षभराने वहीतलं तेच काम एका लेखात छापलेलं पाहिलं. नाव फक्त सरांचं. फोनवर रडले, तर आई म्हणाली, "गप ऱ्हा. सर हायत ते. तुला तितं काय कमी हाय?" कमी काहीच नव्हतं. सुपरमार्केट, हीटिंग, वेळेवर येणारी ट्राम. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना ठाऊक असेल, परक्या गावात राग शिळा होत नाही.

मग लेख नीट वाचला. सरांनी माझी चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती. कणाचा वेग जागोजागी बदलतो, तेव्हा समीकरणात त्या बदलाचा निम्मा भाग मिळवावा लागतो. तो मी विसरले होते. त्याशिवाय कण कुठेतरी सापडण्याची एकूण शक्यता एक राहत नाही, सगळं गणितच कोसळतं. माझ्या प्रबंधात मी ते सुधारलं. सरांना कळवलं नाही. दहा वर्षं ते त्याच समीकरणावर भाषणं देत हिंडले आणि मी ती इथून ऑनलाइन ऐकत राहिले.

आता निवृत्तीच्या सत्काराला त्यांनीच मला बोलावलंय, त्या लेखावर बोलायला. मी फळ्यावर तो राहून गेलेला निम्मा भाग लिहिणार आहे. हे जर्मनीतही करता आलं असतं, पण इथे सरांना ओळखतो कोण? सोलापूरच्या हॉलमध्ये सगळेच ओळखतात. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच उरलंय, माझा सूड जिथे कुणाला तरी लागेल ती जागा. तिथेच राहिलेल्या तुम्हाला हे आवडणार नाही. चालेल मला.

काल आई म्हणाली, "सर लई थकल्यात गं. त्यास्नी जेवाय बोलवू का?"

"बोलव की," मी म्हटलं. "कार्यक्रम झाल्यावर."