पंच्याण्णव मिलिमीटर

शैलाताई रोज सकाळी गॅलरीत उभ्या राहून आधी उजवा आणि मग डावा डोळा तळहाताने झाकायच्या आणि समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीकडे एकटक बघायच्या. ओठ हलत असायचे. आम्ही वर्तकनगरला नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, त्या काहीतरी स्तोत्र म्हणतात. मग एकदा दुधाची पिशवी घेता घेता विचारलंच. “खिडकीचे गज सरळ दिसतायत का ते बघते,” असं म्हणून त्या आत निघून गेल्या. मला हसू आलं. ते हसण्यासारखं नव्हतं, हे बरंच नंतर कळलं.

कोलशेतच्या एका कारखान्यात त्या एकवीस वर्षं ड्राफ्ट्समन होत्या, मापं घालून ड्रॉइंग काढायच्या. बाई असली तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच, हे त्या अभिमानाने सांगायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी जवळ आलेली, लग्न केलेलं नाही आणि घरात अंथरुणाला खिळलेली आई. दुसरीकडे नोकरी मागायला गेल्या की पहिला प्रश्न वयाचा. मग कारखान्यातल्याच एका मैत्रिणीने त्यांना इंटरनेटवरून परदेशाची कामं कशी मिळवायची ते दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या आर्किटेक्टच्या ऑफिसला त्यांचं काम आवडलं. शैलाताई संध्याकाळी ड्रॉइंग पाठवायच्या आणि सकाळी उठल्या की तिकडच्या दुरुस्त्या येऊन पडलेल्या असायच्या. त्या ऑफिसातल्या मार्गारेटने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, वय विचारलं नव्हतं.

“आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं आणि मधल्या वेळात एक जिना काढायचा,” त्या सांगायच्या. “कारखाना चालू असता तर आई गेली तेव्हा मी बसमध्ये असते. घरी होते. तिचा हात माझ्या हातात होता.” घरून काम करण्याबद्दल कोणी वाईट बोललं की त्या एवढंच सांगायच्या.

आम्ही वर्तकनगरला आलो त्याच वर्षी मीही नोकरी सोडून घरून भाषांतरं करायला लागलेले. औषधांची माहितीपत्रकं, मिक्सर नि पंप कसे वापरायचे याची पुस्तकं, असलं सगळं. एका दुपारी वीज गेली, लॅपटॉप बंद पडला आणि काम द्यायला एक तास उरलेला. समोर शैलाताईंच्या दाराखालून पंख्याचा वारा येत होता, म्हणून मी दार वाजवलं. शैलाताईंनी टेबलाचा अर्धा भाग मोकळा करून दिला. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, दोन कंपन्यांचं इंटरनेट होतं आणि एक जादा कीबोर्ड होता. मी म्हणाले, केवढी तयारी. त्या म्हणाल्या, “ही तयारी नाही गं, ही भीती आहे. घाबरून काम करायचं, घाबरून थांबायचं नाही.”

त्या दिवसापासून मी बहुतेक दुपारी त्यांच्याच टेबलावर बसू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या तिकडून आलेला मेल उघडण्याआधी दोन मिनिटं नुसत्या बसून राहतात. सात वर्षं एकच ऑफिस काम देत होतं, तरी रोज बसायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, कारखान्यात एका ड्रॉइंगवर तीन सह्या असायच्या. काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची, मंजूर करणाऱ्याची. चूक झाली तर तिघे मिळून शिव्या खायचे. “इथे मी एकटी. चुकले तर मला सांगायलासुद्धा कोणी शेजारी नाही.”

एकदा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पडद्यावरच्या जिन्याकडे बोट दाखवून विचारलं, ही रेघ सरळ आहे ना? रेघ सरळच होती. मग त्यांनी सांगितलं. रक्तातल्या साखरेमुळे डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. समोरच्या सरळ रेषेला मधोमध बाक आल्यासारखा दिसे. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील असं डॉक्टर म्हणाले होते, आणि उजवा डोळाही सांभाळा म्हणाले होते. मार्गारेटला यातलं काही माहीत नव्हतं. “कळवलं तर ती चांगलं पत्र लिहील,” शैलाताई म्हणाल्या, “आणि दुसऱ्या कोणाला तरी काम देईल. तिचं चुकणारही नाही. मला आजारपणाची रजा कोण देणार?”

तेव्हापासून मी त्यांचे आकडे वाचून दाखवू लागले. माझ्या हातात तिकडून आलेली मापांची यादी, त्यांच्यासमोर ड्रॉइंग. मी यादीतलं माप वाचायचे, त्या ड्रॉइंगमधलं बघून हो म्हणायच्या. कंटाळवाणं काम होतं. त्या मात्र प्रत्येक आकड्याला श्वास रोखून बसायच्या.

एका दुपारी असंच वाचत असताना माझ्या मुलीच्या शाळेतून फोन आला. तिला ताप भरलेला. मी फोनवर बोलत, चपला शोधत उठले. शैलाताईंनी विचारलं, “झालं ना सगळं?” आणि मी झालं म्हणाले. शेवटचं एक पान राहिलं होतं. परत आल्यावर सांगू असं वाटलं. मुलीच्या तापात तीन दिवस गेले आणि मी ते विसरून गेले.

ते ड्रॉइंग पाठवल्यानंतर बाराव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. पायात चप्पल नव्हती. मी मागोमाग गेले. त्यांच्या पडद्यावर गॅलरीच्या कठड्याचं ड्रॉइंग होतं. एका नव्या कामात तोच कठडा वापरायचा म्हणून त्यांनी जुनं ड्रॉइंग उघडलं होतं. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर पंच्याण्णव मिलिमीटर हवं होतं. तिथे एकशे पंच्याण्णव लिहिलं होतं. शैलाताईंनी पट्टी घेतली आणि तेवढं अंतर कागदावर आखून मला दाखवलं. लहान मुलाचं डोकं सहज जाईल एवढं.

“कुठली इमारत आहे?” मी विचारलं.

“पाळणाघर,” त्या म्हणाल्या. “दुसरा मजला.”

ते राहिलेलं पान हेच होतं. बारा दिवसांत वेल्डिंग झालं असेल, कठडा बसला असेल. मी खुर्चीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं, शाळेचा फोन, चपला, झालं म्हणाले ते. मला वाटलं, आता त्या मला घराबाहेर काढतील. त्यांनी आधी आकडा सुधारला. मग म्हणाल्या, “पान तू सोडलंस. आकडा मी लिहिला.”

मी सुचवलं, गुपचूप सुधारलेलं ड्रॉइंग पाठवून द्या, किरकोळ दुरुस्ती म्हणून. त्यांनी मान हलवली. किरकोळ म्हटलं तर कोणी उघडूनही बघणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला इंग्रजीत पत्र लिहायला बसवलं. पहिल्याच वाक्यात काय चुकलं, कुठल्या पानावर, काय हवं होतं, काम लगेच थांबवा. मी तेवढं लिहून थांबले.

“डोळ्याचं लिही,” त्या म्हणाल्या.

“शैलाताई, त्याची काय गरज आहे? चूक कळवली ना.”

“ही एक सापडली. माझ्या नजरेतून सुटलेल्या आणखी किती असतील? त्यांना तपासावं लागेल. लिही.”

त्यांनी मला वाक्य मोठ्याने वाचायला लावलं, मग स्वतः पाठवलं. शुक्रवार होता, तिकडे ऑफिस बंद झालेलं. वेबसाइटवरून नंबर काढून आम्ही फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. शनिवार, रविवार शैलाताई जेवल्या की नाही मला माहीत नाही. मी दोन्ही दिवस डबा घेऊन गेले, दोन्ही वेळा त्या पडद्यासमोर बसलेल्या. रविवारी संध्याकाळी खालच्या अंगणात मुलं खेळत होती. एक मूल कशाला तरी जोरात रडलं आणि शैलाताई ताडकन उठून गॅलरीत गेल्या.

सोमवारी उत्तर आलं. कठडा तयार झाला होता, पण बसवला नव्हता. मार्गारेटने आभार मानले होते, डोळ्याची काळजी घ्या म्हटलं होतं, लवकरच बोलू असं लिहिलं होतं. शैलाताई ते पत्र वाचून रडल्या. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर तिकडून एकही ड्रॉइंग आलं नाही. नोकरी असती तर कोणीतरी समोर बसवून सांगितलं असतं, एखादा कागद हातात दिला असता. इथे काढून टाकायलासुद्धा कोणी नव्हतं. रोज सकाळी नुसता रिकामा मेल. शैलाताईंनी महिनाभर वाट पाहिली. मग एक दिवस म्हणाल्या, “तिच्या जागी मीही तेच केलं असतं,” आणि इंजेक्शनं घ्यायला सुरुवात केली. उजवा डोळा वाचला, निदान आजवर तरी. डावा गेल्यातच जमा आहे.

वर्तकनगरची जागा सोडून त्या कल्याणला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. मी टेम्पोपर्यंत गेले. पत्रात डोळ्याचं लिहू नका असं मी सुचवलं होतं, ते त्यांना आठवत असेल का, असं मनात येत होतं. त्यांनीच विषय काढला. तुझ्यामुळे माझं काम गेलं असं समजू नकोस, असं त्या म्हणाल्या, आणि पुढे, तुझं काम वाचून दाखवायला कोणी आहे का, असं विचारलं. मी नाही म्हणाले. “मग मला फोन कर. डोळे गेले तरी कान शाबूत आहेत.”

म्हणून आता मी भाषांतर पाठवण्याआधी त्यांना फोनवर वाचून दाखवते. परवा एका गोळीचं माहितीपत्रक वाचत होते. एका वाक्याला त्यांनी थांबवलं. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे त्या वाक्यातून कळत नव्हतं. मी मूळ इंग्रजी पाहिलं, तिथेही कळत नव्हतं. मी म्हणाले, हे काम देणारे लोक नवीन आहेत, सारखं विचारत राहिलं तर मला काम जमत नाही असं त्यांना वाटेल, दुसऱ्याला देऊन टाकतील.

फोनमध्ये मागे त्यांच्या बहिणीच्या घरातला कुकर वाजत होता.

“देतील,” शैलाताई म्हणाल्या. “तरी विचार.”

मी विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.