मिलिंदच्या शर्टाचा ताप

आधीच सांगतो, मी अंगारे-धुपारे करणाऱ्यातला नाही. अकरा वर्षं आयसीयूत ब्रदर आहे. कोणी नातेवाईक लिंबू उतरवायला आला तर त्याला दारातूनच हाकलणारा मीच. तरी हे लिहितोय, कारण पोटात ठेवून ठेवून जीव नकोसा झालाय.

जालन्यातलं, स्टेशनजवळचं एक खाजगी हॉस्पिटल. बेड नंबर चार... मिलिंद, मंठ्याकडचा शाळामास्तर, वय चौतीस. न्यूमोनियाचं विष रक्तात भिनलेलं, व्हेंटिलेटरवर. ताप १०४ च्या खाली येईना. सलाईनमधून पॅरासिटामॉल झालं, काखेत बर्फाच्या पिशव्या झाल्या, अंग पुसून पुसून आमचे हात गारठले. त्याचं अंग मात्र तव्यासारखं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप एकाएकी उतरायला लागला. १०३, १०२, १०१. आम्ही नवीन काहीच दिलं नव्हतं. खुशीत बाहेर आलो, त्याच्या वडिलांना सांगायला — तर बाबा बाकड्यावर मिलिंदचा शर्ट पसरून त्यावर ओल्या पट्ट्या ठेवत होते! भरती करताना आम्हीच काढून दिलेला शर्ट. खाली पाणीच पाणी.

"बाबा, हे काय लावलंय? फरशी बघा! कोणी घसरून पडलं म्हणजे?"

"तुमी आत येऊ देत न्हाई," बाबा ओशाळले. "मी बी असलं काई मानत न्हाई, साहेब. पण हाताला चैन न्हाई... लहानपणी त्याला ताप आला की मीच पट्ट्या ठेवायचो."

"ते काही नाही. उचला आधी." शर्ट पिळून पिशवीत घालायला लावला. ताप उतरल्याचं सांगायचंही राहून गेलं.

अर्ध्या तासात १०३. मग १०५. डॉक्टर आले, औषधं बदलली, बर्फ वाढवला... काही उपयोग नाही. शेवटी लाज सोडून मी बाहेर धावलो. "बाबा, ठेवा पट्ट्या. जल्दी!"

त्यांनी पिशवीतून शर्ट काढून पुन्हा बाकड्यावर पसरला. पट्टी ठेवली. ती आमच्या डोळ्यांदेखत वाळली. दुसरी ठेवली, तीही. बाबांनी माझा हात धरून शर्टाच्या छातीवर टेकवला. आईशप्पथ सांगतो — चटका बसला.

"मघाशी निवत होता," बाबा म्हणाले. "आता ऐकून न्हाई राह्यला."

संध्याकाळी मिलिंद गेला.

डॉक्टर म्हणतात, अशा पेशंटचा ताप चढतो-उतरतो, त्यात विशेष काही नाही. बरोबर आहे, नव्या सिस्टरांना मीही तेच शिकवतो. शर्टाचं मात्र त्यांना सांगितलंच नाही. सांगून काय सांगणार? मलाच आजपर्यंत कळलेलं नाही.

जाताना बाबांनी उलट माझ्याच खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुमी लई केलं, साहेब."

काय केलं मी? फरशी पुसायला दोन मिनिटं लागली असती.