हळद लावलेले प्लॉट

तुमच्यापैकी धाकटीने परवा फोनवर सांगितलं की ती आता कंपन्यांना संगणकाबद्दल सल्ला देते. ‘आजी, तुला नाही कळणार,’ असंही वर म्हणाली. मला बऱ्यापैकी कळतं. असा सल्लागार निवडण्याचं काम एकदा आमच्या घरात माझ्याकडेच आलं होतं. इंग्रजी माहितीपत्रकं वाचणारी घरात मी एकटीच होते.

हिंगोली नुकतीच जिल्ह्याचं गाव झाली होती. कचेऱ्या आल्या, नोकरदार आले आणि गावाबाहेरच्या शेतांत चुन्याच्या रेघा ओढून प्लॉट पडायला लागले. तुमचे आजोबा त्याच धंद्यात होते. एक ऑफिस हिंगोलीत आणि दुसरं वसमतला, जिथे तुमचे मोठे काका बसत. हिंगोलीच्या भिंतीवर सगळ्या प्लॉटचा नकाशा डकवलेला असे. विकलेल्या प्लॉटवर आजोबा कुंकवाचं बोट लावत, शब्द दिलेल्या प्लॉटवर हळदीचं.

शब्द देणं म्हणजे काय, ते सांगते. शेतकरी यायचा, जागा पाहायचा आणि म्हणायचा, ‘हळद विकली की येतो.’ आजोबा म्हणायचे, ‘या.’ इसाराची रक्कम नाही, कागद नाही. तेवढ्यावर तो प्लॉट त्याच्यासाठी राहायचा. आमच्याकडे हळद काढायची, उकडायची, वाळवायची आणि भाव पाहून मोंढ्याच्या बाजारात विकायला न्यायची, म्हणजे ‘येतो’ आणि ‘आलो’ यांत पुष्कळ काळ जायचा. आजोबांचं त्यात काही अडत नसे.

मग एकदा वसमतला काकांनी कोपऱ्याचा एक प्लॉट एका शिक्षकांना देऊन टाकला. त्यावर पुसेगावकडच्या एका शेतकऱ्यासाठी हळद लागलेली होती, पण नकाशा हिंगोलीत. काकांना ती कुठून दिसणार? शिक्षकांना शेजारच्या प्लॉटवर राजी करताना आजोबांना हात जोडावे लागले. त्या दिवशी घरी येऊन ते धड जेवलेही नाहीत. दोन्ही ऑफिसांत एकच नकाशा दिसला पाहिजे, असा काकांनी हट्ट धरला. म्हणजे संगणक घ्यायचा, आणि तो कसा घ्यायचा हे सांगणारा माणूस शोधायचा. आजोबांची अट एकच होती. दिलेला एकही शब्द मोडता कामा नये.

पहिला तरुण औरंगाबादहून आला. इस्त्रीचे कपडे, स्वतःचा लॅपटॉप, स्वच्छ इंग्रजी. मला तो आवडला. त्याने पडद्यावर लाल आणि हिरवे चौकोन दाखवले. लाल विकलेले, हिरवे रिकामे. मग भिंतीकडे पाहून त्याने विचारलं, ‘सर, ही पिवळी बोटं कशाची?’

आजोबांनी सांगितलं.

‘म्हणजे हे रिकामेच आहेत, सर.’

‘रिकामे काहून? हळद लागलेली पोरगी दुसऱ्याच्या घरी देता येती का?’

तो हसला, पण मागे हटला नाही. विकलेलं आणि न विकलेलं यांच्यामधलं काही ठेवलंत तर धंदा अडकून पडतो, असं त्याने शांतपणे समजावलं. हिशेबाने पाहिलं तर ते खरंच होतं. तो गेल्यावर आजोबा म्हणाले, ‘पोरगा हुशार आहे. पण त्याच्या मशीनीत मला जागा न्हाई.’

दुसरा माझ्या नणंदेचा मुलगा. तो चहा संपायच्या आत प्रत्येक गोष्टीला ‘होऊन जाईल, मामा’ म्हणाला. पिवळ्या बोटांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याला मी जेवायला वाढलं आणि पाठवून दिलं.

तिसऱ्या बाई हिंगोलीतच स्टँडजवळ कॉम्प्युटरचे क्लास घेत. परभणीला शिकलेल्या, बोलायला थोड्या फटकळ. रोज संध्याकाळी फोनच्या तारेवरून दोन्हीकडच्या नोंदी एक करता येतील, हे त्यांनी आधी समजावलं. मग नकाशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

‘पिवळा रकाना करून देते, साहेब. पण किती दिवसांचा?’

‘हळद विकेपर्यंत.’

‘कोणत्या सालची हळद?’

आजोबा जरा चिडूनच म्हणाले, ‘शब्दाला तारीख असती का, बाई?’

‘मशीनला लागते. ती तुम्ही सांगायची, मी न्हाई सांगणार.’

त्या गेल्यावर आजोबांनी ठरवून टाकलं, ही बाई नको. ‘माझ्या शब्दाला मुदत घालायला निघाली! उद्या माणसं म्हणतील, याचा शब्द दुधासारखा नासतो.’

मी दोन दिवस विचार केला. पहिल्याला आमची रीत मोडायची होती. दुसऱ्याला ती दिसलीच नव्हती. या बाई ती ठेवायला तयार होत्या, फक्त आम्ही कधीच न विचारलेला प्रश्न विचारत होत्या. मी आजोबांना म्हटलं, ‘अहो, तारीख आली म्हणून प्लॉट सुटलाच पाहिजे असं कुठे आहे? तारीख आली की आपण जाऊन विचारू.’

‘तगादा लावायला?’

‘विचारायला. त्याने ठेवा म्हटलं की पुढची तारीख टाकायची.’

‘तुमचं इंग्रजी लई उपयोगी पडून राहिलं, मॅडम,’ असा टोमणा मारून त्यांनी होकार दिला. बाईंनीही तसंच करून दिलं. तारीख उलटली तरी पिवळा चौकोन आपोआप हिरवा व्हायचा नाही. तो नुसता लुकलुकायचा, आणि आमच्यापैकी कोणीतरी त्या घरी जाऊन येईपर्यंत लुकलुकत राहायचा.

पहिला लुकलुकला तो पुसेगावकडच्या शेतकऱ्याचा कोपऱ्याचा प्लॉट. शिक्षकांपुढे हात जोडून राखलेला, म्हणून आजोबा स्वतः निघाले. मीही गेले. अंगणात उकडलेली हळद पसरलेली होती. कडेने वाट काढत आम्ही ओसरीवर बसलो. चहा झाला, मोंढ्यातल्या भावाचं बोलणं झालं, मुलांची चौकशी झाली. प्लॉटचा विषय कोणीच काढेना. शेतकरी तर आमच्याकडे नीट पाहतही नव्हता.

शेवटी आजोबा म्हणाले, ‘तो कोपऱ्याचा प्लॉट ठेवलेलाच आहे बरं का. घाई न्हाई. फक्त विचारायला आलो, ठेवू ना?’

त्याने खाली मान घातली. बोलली ती त्याची बायको, दाराआडून. ‘दादा, खरं सांगू का? पोरगं पुण्याला लागलं. ते काही हिंगोलीत राहायचं न्हाई. आमाला आता प्लॉट नको. पण ह्यांनी येतो म्हणलं होतं ना. आता हिंगोलीला गेले की तुमच्या ऑफिसावरून जायची लाज वाटती यांना. मागच्या गल्लीनं जातेत.’

‘अरे, मग सांगायचं ना!’

‘तुमी माझ्यासाठी थांबलेले,’ शेतकरी हळूच म्हणाला. ‘नको कोण्या तोंडानं म्हणावं? तुमी एकदा इचारलं असतं तर म्हणलो असतो.’

आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो गाडीपर्यंत पोचवायला आला, आणि आल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलत होता. यंदाचा पाऊस, पुण्यातलं मुलाचं खोलीभाडं, सगळं एका दमात.

परतीच्या वाटेवर आजोबा म्हणाले, ‘मला वाटायचं, मी त्याच्यासाठी थांबलोय. त्याला मी अडकवून ठेवलंय हे कधी ध्यानातच आलं न्हाई.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाकीच्या तारखा यायची वाट पाहिली नाही. एकेका गावी जाऊन विचारून आले. काहींनी प्लॉट सोडले, काहींनी घट्ट धरले. एकाने तर ‘इतके दिवस आले काहून न्हाई?’ म्हणून रागच धरला. ज्यांनी सोडले, त्यांच्या घरून आजोबा जास्त वेळाने परत येत. जेवूनच निघा, असा आग्रह व्हायचा म्हणे.