वहिनीचा संध्याकाळचा गोळा

कुंभारीच्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि वहिनी विड्या वळायच्या, दादा यंत्रमागावर जायचा आणि मी कॉलेजला. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून मला विडीच्या सुपाला कुणी हात लावू देत नसे. सुनंदावहिनी गेली त्याला महिना होईल. कावीळ झाली आणि बघता बघता गेली... भेटायला आलेली माणसं माझ्या वर्दीकडे बघून म्हणत होती, "लई जीव होता तुझ्यावर तिचा." मला मान वर करवेना.

वहिनी लग्नाआधी बारावी झालेली; आम्ही दोघी एकाच वेळी पोलीस भरतीला उतरलो होतो. सकाळ माझी असायची. वहिनी पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, दादाचा डबा बांधायची, मी मैदानावर. ती यायची दिवस कलल्यावर, कारखान्यात विड्या देऊन. तेव्हा मीही पुन्हा मैदानावर जायचे, आणि गोळाफेकीत तिचा गोळा माझ्यापुढं हातभर तरी पडायचाच. "वन्सं, विड्या वळून बोटं तयार झाल्यात की!" म्हणून हसायची.

भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, भल्या सकाळी. त्या दिवशीही चूल तिनंच पेटवली. राहू दे, असं कुणी म्हटलं नाही, मीही नाही. मैदानावर तिचं अंग आखडलेलं; गोळा जवळच पडला. माझा रोजच्यासारखा गेला. घरी आल्यावर आई म्हणाली, "संध्याकाळची पैलवान हाय ही!" सगळे हसले... वहिनीही.

मी भरती झाले, ती राहिली. ट्रेनिंगमध्ये कवायत घेणाऱ्या उस्तादांनी सांगितलं, अंगातली ताकद दिवस कलताना भरात असते, सकाळी अंग गार असतं. पण ज्या वेळेला परीक्षा, त्याच वेळेला रोज सराव केला की ती कसर बरीचशी भरून निघते. माझी निघाली होती. सुट्टीत आल्यावर मी हे वहिनीला मोठ्या शहाणपणानं सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "मग सकाळच्या भाकऱ्या कुणी केल्या असत्या, वन्सं? तुमच्या उस्तादानं?"

मी हसले, आणि ताट पुढं केलं. दुसऱ्या दिवशी तरी लवकर उठून चुलीपुढं बसावं, हे सुचलं नाही. पुढच्या भरतीला ती पोटुशी होती, नंतर भरतीचं वय उलटलं.

वर्दी मी घाम गाळून मिळवली, ते मी कुणापुढं नाकारणार नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, पहिली पोलीस शिपाई मी. सगळ्यात लांब गोळा वहिनीनं टाकला. तो संध्याकाळी पडला, म्हणून कुणी हिशेबात धरला नाही.