राणीच्या ओठावरची मिशी

भोरास संस्थानी अंमल होता, तेव्हाची ही गोष्ट. विंझरच्या जत्रेतील नाटकात राणी होणाऱ्या तरुण शेतकऱ्यापुढे एकच अडचण होती: त्याचे वडील हयात होते. वडील असताना मिशी उतरविणे म्हणजे जिवंत बापाचे सुतक धरणे. आणि मिशीवाल्या राणीच्या शोकाने प्रेक्षक हसले असते, रडले नसते.

पितापुत्र माझ्याकडे शास्त्रनिर्णय मागावयास आले.

"गुरुजी, म्या मेलोय का?" म्हाताऱ्याने विचारले.

"नाही, बाबा."

"मंग ह्याच्या मिशीला वस्तरा कसा लागंल?"

पोथी पाहावयाच्या मिषाने मी चार दिवसांची मुदत घेतली आणि मुलाला ठेवून घेतले. माझा भरवसा पोथीवर नव्हता. तो देवळाच्या ओवरीत उतरलेल्या एका चित्रकारावर होता. जत्रेच्या फलकासाठी राणीचे चित्र त्यालाच काढावयाचे होते.

लुगडे नेसून मुलगा त्याच्यापुढे खांबासारखा ताठ बसला.

"शोक करा," चित्रकार म्हणाला. मुलाने डोळे वटारले.

"हा शोक नव्हे, अपचन!"

मग चित्रकार माझ्या कानाशी लागला, आणि मी, परमेश्वर क्षमा करो, म्हणालो, "अरे, तुझा खिल्लार दावे तोडून पसार झाल्याचा निरोप आहे."

"कुठं?" म्हणत तो अर्धवट उठला. त्या क्षणीची नजर चित्रकाराने कोळशाने कागदावर धरली. मिशी तेवढी गाळली. बैल दाव्याला स्वस्थ असल्याचे मी मागाहून सांगितले.

चौथ्या दिवशी म्हातारा आला. पोथी न उघडता मी चित्र पुढे केले. तो पाहतच राहिला. मग त्याने मुंडासे उतरविले.

"ही तर माझी आय! गुरं उशिरा आली की अशीच दारात हुबी ऱ्हायची."

"हा तुमचाच मुलगा, बाबा."

"व्हय?" तो मुलाकडे वळला. "मंग आयच्या त्वांडावर मिशी ठिवतोस व्हय रं? बलाव न्हाव्याला!"

राणीने जत्रा रडविली. पुढे भाद्रपदात अविधवा नवमीला मला त्यांच्या घरचे बोलावणे आले. म्हाताऱ्याची आई सवाष्ण गेलेली. भिंतीवरच्या त्याच कोळशाच्या चित्राला हळदकुंकू वाहिलेले, खाली पुरणपोळीचा नैवेद्य. संकल्प सांगताना माझी जीभ किंचित अडखळली. कारण जिच्या नावाने तो सांगत होतो, ती समोरच पाटावर बसून, पुन्हा दाट झालेल्या मिशीला पीळ देत, ताटाकडे पाहत होती.