ब्रेट चालला ब्रिस्बेनला

माणूस गाव सोडून जाणार हे एकदा कळलं, की त्याचं सामान बांधून व्हायच्या आत त्याचे किस्से बाहेर पडायला लागतात. जो तो आपापला किस्सा घेऊन येतो. त्यातले निम्मे खरे असतात, निम्मे त्याहून चांगले असतात! आमच्या ब्रेटच्या बाबतीत तर असं झालं, की तो जायच्या महिनाभर आधीपासून अख्ख्या क्लबाला दुसरा विषयच उरला नाही.

ब्रेट म्हणजे आमच्या पेनरोजच्या फॅक्टरीतला फोर्कलिफ्ट ड्रायव्हर आणि ओटाहुहुकडच्या आमच्या सॉफ्टबॉल क्लबचा स्टार बॅटर. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचं सख्खं भावंड. चेंडू जरा मोठा, आणि टाकायचा खालून. बाकी मारामारी तीच.

मी क्लबचा स्कोअरर, त्यामुळे हे सगळं मी अगदी जवळून पाहिलं. सुमार दोन हजार पाच-सहाचा.

*

मी स्कोअरर कसा झालो तेही ब्रेटमुळेच.

पुण्याहून इथं परदेशात येऊन मला तेव्हा चारच महिने झाले होते. डिझाइनच्या खोलीत बसून पॅकिंग मशिनची ड्रॉइंग्ज काढायचो. एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून गेलो, की कॉलेजात क्रिकेट खेळायचो. झालं! शनिवारी मला मैदानावर उभं केलं. पहिला चेंडू हुकला, दुसरा हुकला, तिसरा कसा कोण जाणे बॅटवर बसला. आणि मी जिवाच्या आकांतानं धावत सुटलो. बॅट घेऊन!

या खेळात बॅट टाकून धावायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, पोचलो, बॅट टेकवली आणि सवयीनं परत फिरलो. दुसरी रन घ्यायला!

सगळं मैदान हसून लोळत होतं. ब्रेट तेवढा आला, माझ्या हातातून अलगद बॅट काढून घेतली आणि म्हणाला, "मॅन्डी, तुला आकडे बरे जमतात ना?"

मंदारचं मॅन्डी झालं ते त्या दिवशी. आणि स्कोअरबुक हातात आलं तेही त्याच दिवशी.

*

ब्रेटवर लोकांचा जो मुख्य राग होता तो माशांवरून.

आदल्या वर्षीच्या सेमीफायनलला हा बाबा उगवलाच नाही. फोन लागेना. आम्ही हरलो. रविवार सगळ्यांनी सुतकात काढला. सोमवारी सकाळी ब्रेट कामावर हजर, हातात ही एवढी बर्फाची पेटी! आत ताजे स्नॅपर मासे. "हवा सुंदर होती रे," म्हणाला. "असे मासे वर्षातून एकदाच लागतात. सेमीफायनल काय, पुढच्या वर्षी पण आहे."

कॉलिन आमच्या क्लबचा अध्यक्ष. फॅक्टरीत स्टोअर सांभाळायचा. तीस वर्षं क्लबात, आणि या तीस वर्षांत एकदाही उशिरा आला नाही असा माणूस. तो तर नुसता धुमसत होता.

दुपारी कँटीनमध्ये मासे तळले गेले. वास असा सुटला होता, की कोणाच्यानं राग धरवेना. सगळे जेवायला बसले. कॉलिनपण बसला. तिसरा तुकडा संपवला, दातात अडकलेला काटा काढला आणि गंभीरपणे म्हणाला, "हा माणूस टीमचा नाही."

आणि चौथा घेतला.

*

ग्लेनिस बाई आमच्या भागातल्या फुकट वाटायच्या पेपरात बागकामाचं सदर लिहायच्या. खेळाचा वार्ताहर नोकरी सोडून गेला तेव्हा संपादकानं मैदानही त्यांच्याच गळ्यात घातलं. बाईंना सॉफ्टबॉलमधलं फारसं कळत नव्हतं, पण माणूस बरोब्बर कळायचा.

ब्रेटची एक खोड होती. चेंडू लांब मारला की धावायचा नाही. बॅटवर रेलून, कमरेवर हात ठेवून चेंडूकडे बघत उभा राहायचा. चित्रप्रदर्शनात उभे राहतात तसा. समोरच्या टीमच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका शनिवारी चेंडू असाच उंच गेला. ब्रेट रेलला. तेवढ्यात वाऱ्यानं चेंडू दाबला, तो कुंपणाच्या फळीवर आपटून मैदानात परत आला. त्यांच्या पोरानं उचलून ब्रेटच्या आधी पहिल्या बेसला पोचवला. ब्रेट अजून प्रदर्शनातच! आउट!

बाईंनी मथळा दिला: 'ओटाहुहुचं सूर्यफूल'. खाली लिहिलं होतं, 'दिसायला भव्य, मान सतत वर, आणि एका जागेवरून हलत नाही.'

आम्हाला वाटलं, आता हा पेपरच्या ऑफिसात जाऊन तमाशा करणार. ब्रेटनं कात्रण कापलं आणि फोर्कलिफ्टच्या काचेला चिकटवलं. पुढच्या शनिवारी त्याच्या चाहत्या बायका चक्क सूर्यफुलं घेऊन मैदानावर! आणि समोरच्या टीमचे लोकपण सूर्यफुलं घेऊन आले. टिंगल करायला. कोणाचं फूल प्रेमाचं आणि कोणाचं टवाळीचं, काही कळेना. ब्रेटनं सगळ्यांचीच घेतली.

*

त्या उन्हाळ्यात माझे आईबाबा सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा कराडच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. घरात बसून कंटाळायचे म्हणून त्यांना शनिवारी मैदानावर न्यायला लागलो. घडीची खुर्ची, डोक्याला मफलर, हातात थर्मास. इकडे जानेवारीत उन्हाळा, आणि भर उन्हाळ्यात मफलर! "वारा बाधतो," म्हणायचे.

दुसऱ्याच मॅचला बाबांनी ब्रेटला हेरला. "हा मुलगा हुशार आहे रे. पण वर्तन असमाधानकारक."

ब्रेट पंचांशी भांडायचा. प्रत्येक निर्णयाला हात पसरून, टोपी आपटून. बाबांना ते बघवेना. मॅच संपल्यावर त्यांनी ब्रेटला खुणेनं बोलावलं. सहा फूट उंच ब्रेट येऊन खुर्चीपुढे उभा राहिला. बाबा त्यांच्या खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "पंच म्हणजे शिक्षक. शिक्षकाला वर्गात उलट बोलायचं नसतं."

ब्रेटनं विचारलं, "आणि हेडमास्टर, शिक्षकच चुकला तर?"

बाबा म्हणाले, "तर मधल्या सुट्टीत सांगायचं."

पुढच्या शनिवारी पंचांनी ब्रेटला ढळढळीत चुकीचं आउट दिलं. ब्रेट गप्प! बॅट ठेवली, टोपी नीट केली, बाकावर येऊन हाताची घडी घालून बसला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, चाळीस वर्षं काय उगाच शाळा चालवली?

इनिंग संपली. ब्रेट उठला, शांतपणे पंचांकडे गेला आणि विचारलं, "सर, मधली सुट्टी झाली का?"

पंच गोंधळून "हो" म्हणाले.

पुढची दहा मिनिटं जे काही झालं, ते बाबांच्या शाळेतल्या इंग्रजीत बसणारं नव्हतं, आणि मीही भाषांतर करून सांगितलं नाही.

*

मग एक दिवस बातमी फुटली. ब्रेट सीझननंतर बायकोमुलींना घेऊन कायमचा समुद्रापलीकडे ब्रिस्बेनला चालला. तिकडे एका क्लबानं बोलावलं होतं, काम पण होतं. आणि गंमत बघा, एका आठवड्यात सगळी माणसं उलटीपालटी झाली! जे त्याच्या नावानं बोटं मोडायचे ते "शेवटी आपलाच" म्हणायला लागले. आणि जे त्याच्यासाठी जीव टाकायचे ते रुसले.

सीना आँटी म्हणजे त्याची एक नंबरची भक्त. सामोआ बेटावरची बाई, मैदानावर सॉसेजचा स्टॉल लावायची. ब्रेटला नेहमी तळलेला कांदा दुप्पट. त्या शनिवारी तिनं नुसता सॉसेज ब्रेडमध्ये ठेवून पुढे केला.

"आँटी, कांदा?"

"ब्रिस्बेनला मिळतो."

ग्लेनिस बाईंनीही निरोपाचा लेख लिहिला. शेवटचं वाक्य होतं, 'हे झाड आमच्या कुंडीत कधी मावलंच नाही.' ब्रेटनं कँटीनमध्ये ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "मॅन्डी, हे कौतुक आहे का शिवी?" मी म्हटलं, बाईंनाच विचार. बाई मैदानावर भेटल्या तेव्हा त्यानं त्यांनाच विचारलं. बाई म्हणाल्या, "ते झाडानं ठरवायचं."

*

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी आमच्या भागातल्या एका छोट्या रेडिओ स्टेशननं लोकांचे फोन घेतले. विषय: ब्रेट मोठा खेळाडू, की नुसता मोठ्या तोंडाचा?

आम्ही डिझाइनच्या खोलीत रेडिओ लावून बसलो होतो. कॉलिनही स्टोअर सोडून वर आला होता. तीनचार गोड फोन झाले. मग आला केविन, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हेन्डरसनवरून. आवाज जरा घोगरा.

केविननं सालपटंच काढली! ब्रेट आळशी आहे, ब्रेटला खेळापेक्षा स्वतःची सावली प्यारी, ब्रेट सेमीफायनलला मासे मारतो. "आणि खरं सांगायचं तर," केविन म्हणाला, "ओटाहुहुच्या त्या क्लबात दुसरं कोणी धड नव्हतं, म्हणून हा स्टार!"

तेवढ्यात रेडिओतून पीं-पीं-पीं असा आवाज यायला लागला. फोर्कलिफ्ट मागे घेताना येतो तसा. आणि तोच पीं-पीं-पीं आमच्या उघड्या खिडकीतूनही येत होता! मी वाकून खाली पाहिलं. फोर्कलिफ्टवर दुसराच एक पोरगा होता. डिस्पॅचच्या, म्हणजे माल पाठवायच्या खात्याच्या, भिंतीवरच्या फोनला चिकटून, नाकावर रुमाल दाबून, ब्रेट उभा.

मी हसू दाबत मागे वळून सांगणार, तो कॉलिन लालबुंद होऊन उठलेला. त्याला ना पीं-पीं ऐकू आलं होतं, ना काही. "हा हेन्डरसनवाला कोण टिकोजीराव लागून गेला!" म्हणत त्यानं टेबलावरचा फोन ओढला आणि रेडिओला नंबर लावला.

पुढची पाच मिनिटं कॉलिन थेट प्रसारणात बोलत होता. ब्रेटनं कुठल्या मॅचमध्ये घोटा सुजलेला असताना बॅटिंग केली, क्लबाचं छप्पर उडालं तेव्हा तीन रविवार शिडीवर कोण होता, नव्या पोरांना कोण शिकवतो, सगळं. आम्ही थक्क! हे त्याला इतकं पाठ आहे, हे आम्हाला कुठे माहीत होतं!

मी खाली पाहिलं. डिस्पॅचमधल्या रेडिओसमोर ब्रेट उभा होता. रुमाल अजून नाकावरच होता. पण आता हसत नव्हता.

*

आमच्या क्लबाची एक भिंत आहे. क्लब सोडून जाणाऱ्यांपैकी ज्याच्या बाजूनं मेंबरांची जास्त मतं पडतील, त्याचाच फोटो तिथं लागतो. गुप्त मतदान. चिठ्ठीवर 'हो' किंवा 'नाही'.

शेवटच्या मॅचनंतर संध्याकाळी मीटिंग झाली. हॉल भरलेला. नियमानं ब्रेटही मेंबर, त्यामुळे त्यालाही मत. तो सगळ्यात मागे, दाराजवळ, बायकोमुलींबरोबर बसला होता. कॉलिन पुढे टेबलाशी. चिठ्ठ्या मोजायला स्कोअरर म्हणून मी.

एकेक चिठ्ठी उघडून मी मोठ्यानं वाचत होतो. हो. हो. हो. मासे विसरलेले हो, सूर्यफुलांचे हो. सीना आँटीनं तर 'हो'च्या खाली रागानं दोन रेघा मारल्या होत्या. हॉलमधले लोक प्रत्येक चिठ्ठीला टाळ्या वाजवायला लागले.

तळाची एक चिठ्ठी उरली. उघडली. 'नाही.'

आमच्या डिस्पॅचमध्ये फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर लाकडी पेट्यांवर जाड नारिंगी मार्करनं पत्ते लिहितो. अक्षर त्याच मार्करचं. मोठं, तिरपं. रोज माझ्या ड्रॉइंगप्रमाणे बनलेल्या मशिनच्या पेट्यांवर मी तेच अक्षर वाचायचो.

मला वाचावंच लागलं. "एक नाही."

रेडिओवरचं सगळं विसरून हॉलमधल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. कॉलिनकडे! सीना आँटीनं तर त्याच्याकडे असं पाहिलं, की मी असतो तर खिडकीतून उडी मारली असती.

कॉलिननं हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. त्यानं चष्मा लावला, ती वाचली, पुन्हा वाचली. मान वर करून दाराकडे पाहिलं. मग चिठ्ठीची नीट चौकोनी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"हो," तो म्हणाला. "माझीच."

"मला माहीतच होतं, म्हाताऱ्या!" मागून ब्रेट ओरडला. आणि उभं राहून टाळ्या वाजवायला लागला.