‘प्रिटी’ ड्रायव्हरबाईंची बातमी

दोन हजार चारच्या सुमारास, नवरा ऑफिसला गेला की मी वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत व्हॉलंटियरिंग करायचे. तिथे रोज मायक्रोफिल्मच्या मशीनपुढे एक बाई बसलेल्या असत. पन्नासच्या दशकातल्या वार्ताहर, आता ऐंशीकडे झुकलेल्या. जुनी वर्तमानपत्रं बघताना मला हाक मारत.

“ऐक. ‘प्रिटी वकीलबाईंनी खटला जिंकला.’ पुरुष मात्र नुसता वकील असायचा, बघ.”

“तुम्हीही असंच लिहायचात?” मी एकदा विचारलं.

“हो, मीही.” सबबी सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

पुढे त्यांना स्वतःच लिहिलेली एक बातमी सापडली. पेटलेल्या स्कूलबसमधून ड्रायव्हरबाईंनी अकरा मुलं बाहेर काढली होती. पहिल्या ओळीत ‘प्रिटी’ होतं, मुलं चौथ्या ओळीत. मग त्यांनी ती बातमी नव्याने लिहिली, त्या बाईंचा पत्ता शोधला आणि तासभर ड्राइव्ह करून त्यांना ती वाचून दाखवली.

“काय म्हणाल्या त्या?” त्या लायब्ररीत परतल्यावर मला राहवेना.

“म्हणाल्या, मुलं बारा होती.”

आणि तिथेच लायब्ररीच्या काउंटरवर तो कागद ठेवून त्यांनी अकरा खोडलं, बारा लिहिलं.